रडणाऱ्याला आधी पाणी

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या गावाच्या वरल्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. तीन गावांची माणसं त्या कामावर, कुणी माती उपसायला, कुणी दगड फोडायला. तिथं पाणी वाटायला एक म्हातारी होती आणि तिचा एकच कायदा होता. जो रडत असेल त्याला आधी पाणी. रांग केवढीही असू दे, मुकादम उन्हात उभा असू दे, कुठं एखादं पोर कण्हलं की म्हातारी भरलेली कावड उचलून तिकडं चालती व्हायची. मागं माणसं शिव्या देत उभी राहायची. त्यात मीही असायचो. खोटं कशाला बोलू.

मी चौथी नापास माणूस. लिहायची सवय नाही. पण दत्तूची आई, म्हणजे माझी बायको, चैतात गेली, आणि तेव्हापासून ती पाणीवाली म्हातारी सारखी डोळ्यांपुढं येते. म्हणून लिहितो. चुकलं तर चुकलं.

तिचं नाव मला कधी कळलं नाही. मस्टरवर काहीतरी असेल. सगळे तिला पाणीवालीच म्हणायचे. उंच, हाडकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दात मिश्रीनं काळे झालेले. बायामाणसं पाणी आणतात ती डोक्यावर. ही बापयासारखी खांद्यावर कावड घ्यायची. दोन बाजूंना दोन गोडेतेलाचे डबे आणि कमरेला पाणी वाढायचं एक ओगराळं खोचलेलं. लांबच्या विहिरीवरनं दिवसाच्या आठ-दहा खेपा. बायका हसायच्या.

एकदा दत्तूच्या आईनं तिला विचारलं, "मावशे, डोक्यावं का घेत न्हाईस गं? कावड काय बाईचं काम हाय का?"

ती म्हणाली, "डोक्यावं घेतलं की मान ताट ठिवावी लागती. मंग खाली कोन हाय त्ये दिसत न्हाई. पोरं समदी खालीच असत्यात."

आम्हाला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय.

दुसरी तिची तऱ्हा म्हणजे बोलण्याची. मोठ्या माणसाला ती अरेतुरे करायची. मुकादमाला सगळे मुकादमसाहेब म्हणायचे, ही म्हणायची, "ए पोरा, सर मागं." आणि चार वर्षांचं शेंबडं पोर असलं तरी त्याला अहोजाहो. "काय पाव्हनं, कुटं दुखतंय?" अशी उकिडवी बसायची त्याच्यापुढं. पोर पोटावर हात ठेवायचं, नाहीतर घशावर, नाहीतर नुसतंच बघायचं. ती आपला तळवा तिथं ठेवायची आणि म्हणायची, "व्हय, हितंच असतंय त्ये. रडा. मी हाय."

गप बस म्हणून तिनं कधी कुठल्या पोराला म्हटलं नाही. आम्ही तर पोरगं रडलं की आधी गप म्हणायचो, दुसऱ्यांदा हात उचलायचो. मी तिला एकदा म्हटलंसुद्धा, "तू लाडावतीस पोरांस्नी."

"घरी पाव्हना आला आन त्येला रडू आलं, तर गप बस म्हनशील का त्येला?"

"पाव्हना येगळा."

"ही बी पाव्हनंच हायेत. मोटी झाली की जात्यात. तवर नीट बोलावं मानसानं."

पोरं काही कमी बेरकी नव्हती. रडलं की पाणी आधी मिळतं हे त्यांना दोन दिवसांत कळलं. मग काय, दुपारच्या वक्ताला जिकडं तिकडं गळे निघायला लागले. डोळ्याला थुंकी लावून रडणारी पोरं मी स्वतः बघितली. मुकादम चिडला. म्हणाला, "म्हातारे, तुला येडी करत्यात ही कार्टी. खोटं रडत्यात."

म्हातारी ओगराळं भरतच राहिली. "खोटं रडतंय त्येला बी कायतरी खरं पायजेच असतंय. पानी तरी खरं दिऊ."

आठ दिवसांनी खोटं रडणं आपोआप थांबलं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी एवढं नाटक कोण करतं?

तिची जातही कुणाला ठाऊक नव्हती. पलीकडच्या गावचा एक शहाणा पाणी तोंडाला लावायच्या आधी विचारायला लागला, कुनाची तू, कुठली तू. तिनं ओगराळं परत डब्यात रिकामं केलं. "तुला तान लागलेली न्हाई अजून. लागली की ये." तो संध्याकाळपर्यंत ताणून राहिला. संध्याकाळी आला आणि गुमान ओंजळ धरली.

सगळंच तिचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. एकदा एका बारक्या पोरीचा बाप काम सोडून कुठं निघून गेला होता, तर ही त्या पोरीशेजारी एवढा वेळ बसून राहिली की आमच्या टोळीला पाणीच आलं नाही. एक बाई चक्कर येऊन पडली. मी जाऊन तोंडाला येईल ते बोललो तिला. ती म्हणाली, "चुकलं माजं. त्या बाईला बी बघाया पायजे हुतं." एवढंच. आणि उठून पाणी घेऊन आली. चुकलं म्हणणारं मोठं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. आमच्यात चुकलं तर आवाज चढवायची रीत.

आता दत्तूचं सांगतो.

दत्तू माझा थोरला, तेव्हा दहा वर्षांचा. त्याच्या मागं शकू, ती अजून अंगावर पीत होती. घरी एक कालवड होती, हरणी. गाय व्यायली आणि मेली, तेव्हापासून दत्तूनं तिला बोटावर दूध पाजून वाढवलं होतं. शाळेतनं आला की दप्तर टाकून आधी तिच्या गळ्यात पडायचा. दुष्काळ पडला, चारा संपला. हरणीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. उभ्या उभ्या मरू देण्यापेक्षा विकलेली बरी, असं मी ठरवलं. दत्तू शाळेत गेला होता त्या दिवशी तिला बाजारात नेली आणि दलालाच्या हातात दोरी दिली.

पोरगं घरी आलं, गोठा रिकामा. मला विचारलं. मी म्हटलं, "छावनीत धाडली. तितं चारा हाय. पाऊस पडला की आनू."

दत्तूची आई चुलीपाशी होती. पोरगं बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "अवो, असलं सांगू नगा त्येला. उद्या कळंल."

"कळंल तवा कळंल. आत्ता तर गप बसलं ना?"

गप बसण्यावरच आमची सगळी अक्कल.

मग शाळा ओस पडली आणि आम्ही पोराबाळांसकट कामावर जायला लागलो. दत्तू रोज विचारायचा, हरणी काय खात असंल, छावणी किती लांब हाय. मी काहीबाही सांगायचो. आणि एके दिवशी पोरगं बदललं. बोलेना. भाकरी ढकलून द्यायला लागलं. शकूला चिमटे काढायला लागलं. आईनं हात धरला तर आईला चावलं. मी बडवलं. लाकडानं बडवलं, लपवत नाही. जेवढं बडवलं तेवढं ते दगड होत गेलं. रडायचं सुद्धा बंद झालं. नुसतं माझ्याकडं बघायचं, आणि त्या बघण्याची मला भीती वाटायची.

शेवटी त्यानं एका पोराच्या डोक्यात खडी घातली. कपाळ फुटलं, रक्ताची धार लागली. त्या पोराची आई छाती बडवत आली. मुकादम मला म्हणाला, "उद्यापासनं ह्ये प्वार हितं दिसलं तर मस्टरवरनं तुमचं दोघांचं नाव गेलं."

त्याचं तरी काय चुकलं? मी रागारागात ठरवलं, देवळाली प्रवऱ्याला माझा साडू आहे, पाटाच्या पाण्यावर ऊस आहे त्याचा. पोराला त्याच्या गुरांमागं धाडायचं. तिथं मार खाऊन सुधारेल नाहीतर जाईल मसणात. दत्तूची आई बसल्या जागी रडायला लागली. "माजं प्वार ग्येलं. आसं तोडलेलं प्वार परत येत नसतं."

रडणं ऐकून पाणीवाली आलीच. आधी तिला पाणी दिलं. मग मुकादमाकडं वळली.

"ए पोरा, ह्यो पाव्हना आट दिस माज्या कावडीसंगं ऱ्हाईल."

"आन परत कुनाचं टकुरं फोडलं तर?"

"तर माजं नाव काड. न्हाई म्हनत असशील तर उद्यापासनं पानी तूच वाड."

मुकादमानं लांबची विहीर डोळ्यांपुढं आणली असावी. म्हणाला, "आट दिस. नववा न्हाई." मीही साडूला धाडायचा निरोप आठ दिवस थांबवला.

दुसऱ्या दिवसापासून दत्तू ओगराळं हातात धरून तिच्या मागं मागं. मी दगड फोडता फोडता बघत होतो. ती त्याला काही विचारत नव्हती, काही शिकवत नव्हती. नुसती चालायची. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोर त्याला काहीतरी बोललं आणि ह्यानं दगड उचलला. म्हातारीनं कावड खाली टाकली, पाणी सांडलं, आणि मध्ये जाऊन त्याचं मनगट धरलं. मला वाटलं आता देईल एक ठेवून. ती उकिडवी बसली.

"रागवा, पाव्हनं. राग तुमचा हाय. दगुड सरकारचा हाय, त्यो तेवडा खाली ठिवा."

पोरानं ठेवला नाही. ती तशीच धरून बसली. रांगेत ओरडा सुरू झाला. ती हलली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग त्यानं मूठ सोडली.

"कुटं दुखतंय?"

त्यानं मान फिरवली. "बरं," म्हणाली, आणि रिकामी कावड घेऊन दोघं परत विहिरीकडं निघाले.

असं तिनं त्याला रोज विचारलं. पाचव्या दिवशी दुपारी ती माझ्याकडं आली. मी भाकरी खात होतो.

"तुज्या पोराच्या कानात दुखतंय."

मी म्हटलं, "त्याल घालतो सांच्याला."

"त्याल नगं घालू. खरं घाल." मग माझ्यासमोर बसली. "पोरं त्येला म्हनत्यात, तुजी हरनी कापून खाल्ली. तुजा बा लबाड हाय. त्येनं तुजी बाजू घिऊन दगुड मारला, येड्या. आन मनातनं त्येला ठाव हाय, तू लबाडच हायेस."

मी भाकरी खाली ठेवली. तरी ताठा होताच. "मंग काय, बापानं पोराची माफी मागायची व्हय?"

"माफी नगं. काय झालं त्ये सांग. आन त्येचं हुईस्तवर उटू नगं."

"म्हंजी?"

"राग ईल, रडू ईल, काय बी ईल. त्येचं त्येला हुईस्तवर तू बसून ऱ्हायाचं. पळायचं न्हाई, मारायचं न्हाई. दगुड फोडतुस दिसभर, एवडं जमंल का?"

दोन दिवस मला जमलं नाही. दगड फोडणं सोपं. सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दत्तूची आईच म्हणाली, "आज सांगताय का मी सांगू?" मग उठलो. बाभळीखाली दत्तू बसला होता, म्हातारी पलीकडं डबे घासत होती. मी त्याच्यासमोर बसलो. पोरासमोर असा खाली मी कधी बसलो नव्हतो.

म्हटलं, "हरनी छावनीत न्हाई. म्या इकली. चारा न्हवता. तुला सांगायची छाती झाली न्हाई म्हून खोटं बोललो."

पोरगं माझ्याकडं वळलं. म्हणालं, "जाताना तिनं मागं बगितलं का?"

आता हे असलं काही तो विचारील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "न्हाई रं" असं अगदी ओठांवर आलं होतं. काय बिघडणार होतं? पलीकडं डबे घासायचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "बगितलं. दोनदा."

त्यानं झेप घातली. दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर, तोंडावर, जिथं लागेल तिथं. "तू लबाड हाईस! तू लबाड हाईस!" सगळं काम बघत होतं. बापाला पोरगं मारतंय. माझा हात सवयीनं वर गेला.

"हात खाली," म्हातारी म्हणाली. "बग, त्येच्या मुठीत दगुड न्हाई."

खरंच नव्हता. आजूबाजूला सगळी खडीच पसरली होती. हात घातला असता तर मिळाला असता. मी हात खाली घेतला. तो मारत राहिला, मी बसून राहिलो. मग त्याचे हात हळू झाले आणि तो माझ्या मांडीवर डोकं घालून रडायला लागला. महिन्या-दीड महिन्यानं रडला. मीही रडलो. माझा बाप मेला तेव्हा रडलो नव्हतो, तेही त्यातच निघालं बहुतेक.

म्हातारी कावड घेऊन आली. रांग तिकडं लागली होती, तिच्याकडं तिनं पाहिलंही नाही. ओगराळं भरलं आणि माझ्यापुढं धरलं.

रांगेतली एक बाई ओरडली, "अगं ए म्हातारे, लेकरू रडतंय आन बापाला आदी पानी व्हय?"

"त्यो लई दिसाचा तान्हेला हाय," ती म्हणाली.

दत्तू साडूकडं गेला नाही. मुकादमानं नवव्या दिवशी त्याच्याकडं बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. लगेच शहाणा झाला असं नाही. पुढं पंधरा दिवसांनी त्यानं दगड मारून म्हातारीच्याच डब्याला पोचा पाडला. तिनं पोच्याला हात लावून बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं, आता माजा डबा वळकाया ईल." पण माणसावर त्यानं परत दगड उचलला नाही, आणि माझ्याकडं बघायला लागला पहिल्यासारखा.

तिला एकदा मी विचारलं होतं, तुला पोरं किती? म्हणाली, "मोजली न्हाईत बाबा. आज सकाळधरनं सतरा रडली."

पाऊस झाला, काम बंद पडलं. माणसं आपापल्या रानाला लागली. तिचे ते दोन डबे कावडीला अडकवून ती कोणत्या वाटेनं गेली, कुणी बघितलं नाही. मी तरी नाही बघितलं. पेरणीची घाई होती.

तिचा कायदा मात्र दत्तूच्या आईनं घरात आणला. पस्तीस वर्षं आमच्या घरात रडणाऱ्याला आधी पाणी मिळालं. शकूचं लग्न झालं त्या दिवशी मांडवात माझे डोळे भरले, तर दत्तूच्या आईनं पहिला तांब्या मला आणून दिला होता, व्याह्यांच्या आधी. व्याही बघतच राहिले.

चैतात ती गेली. मी रडलो नाही. दहाव्याला गावचे लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. असेल. पाणी देणारी गेल्यावर माणूस कुणापुढं रडणार?

आता मी केडगावात दत्तूकडं असतो. दत्तूची थोरली मुलगी स्वाती, चौदा वर्षांची. आजी आजारपणात इथंच होती, ही तिच्या कुशीत, तिच्या गोधडीत झोपायची. आजी गेल्यावरही गोधडी सोडत नव्हती. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवू नये म्हणतात. पोरगी शाळेत गेली असताना दत्तूनं गोधडी देऊन टाकली. परवा सांजेला स्वातीनं शोधली. दत्तू म्हणाला, "धुवायला दिलीय."

काल तिला शेजारणीकडनं कळलं. ताट भिरकावलं तिनं. आईला म्हणाली, मला हात लावू नका. दार धाडकन लावून आत बसली. दत्तू दारावर थापा मारत होता. "उघड! काय तमाशा लावलाय! एका गोधडीसाठी!"

मी कॉटवरून म्हटलं, "दत्तू, हरणी कुठंय?"

त्याचा हात दारावरच राहिला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या. माझ्याकडं वळून बघितलं. मग दाराबाहेर खाली बसला, फरशीवर, मांडी घालून. दाराला तोंड लावून म्हणाला, "स्वाती, गोधडी धुवायला नाही दिली. मी देऊन टाकली. तुला सांगायची छाती झाली नाही."

आत काहीतरी आपटलं. मग आणखी काहीतरी. सूनबाई पुढं व्हायला लागली, दत्तूनं तिला हातानं थांबवलं. तो बसून राहिला. बराच वेळ. मग कडी निघाली आणि पोरगी बाहेर आली ती बापाच्या खांद्यावरच कोसळली.

मी उठलो. गुडघे साथ देत नाहीत, तरी उठलो, माठातनं तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला. तिनं वर बघितलं. नाक पुसलं. तांब्या हातात घेतला, आणि परत माझ्याकडं सारला.

"आजोबा, आधी तुम्ही."

मी म्हटलं, "मला काय झालंय?"

"आजी असती तर तुम्हालाच आधी दिलं असतं," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ फरशीवर बसलो. पहिला घोट तोंडात घेतला आणि रडू आलं. मग गेला.